झामाची लढाई पटावर मांडताना

रोमन लढाईच्या डावात खरा कस एकाच प्रश्नाचा: मागची फळी पुढे कधी काढायची? पटाचे नियम असे हवेत की हा प्रश्न खेळाडूचा पिच्छा सोडणार नाही. इ.स.पू. २०२ची झामाची लढाई त्यासाठी फार चांगली: रोमचा सेनापती स्किपिओ विरुद्ध कार्थेजचा सेनापती हॅनिबल.

एका लीजनपुरताच (रोमन सैन्याचे एक मोठे पथक) पट करा, रुंदी २० घरे. ३० माणसांना १ बळ धरा. हस्ताती (पहिली फळी) आणि प्रिंकिपेस (दुसरी फळी) यांच्या प्रत्येक तुकडीत १२० माणसे, म्हणून ४ बळाच्या दहा-दहा सोंगट्या. त्रिआरी (शेवटची फळी) ६० माणसांचे, २ बळाच्या दहा. वेलिटेस (हलके भालाफेके) १२००, त्यांच्या ४ बळाच्या दहा. समोर हॅनिबलच्या हत्तींच्या दहा सोंगट्या.

पहिल्या फळीत एक घर सोंगटी, एक घर मोकळे. एरवी प्रिंकिपेस या मोकळ्या घरांच्या मागे उभे राहतात. झामाला स्किपिओने त्यांना थेट हस्तातींच्या मागे उभे केले, म्हणजे हत्तींना सरळ गल्ल्या मिळाल्या. गल्लीच्या तोंडाशी वेलिटेस ठेवा. हत्ती समोर आला की त्यांनी मागे सरायचे; फाशावर ३ किंवा जास्त पडले तर हत्ती गल्लीतून निघून जातो, नाहीतर शेजारच्या सोंगटीचे २ बळ घटते.

पिलम (फेकायचा जड भाला) भिडण्याआधी एकदाच, एका घरावरून: ५ किंवा ६ पडले की शत्रूचे १ बळ कमी. सलग दोन पाळ्या झुंजलेली तुकडी तिसऱ्या पाळीपासून दर पाळीला १ बळ गमावते. फळी बदलायला एक अख्खी पाळी आणि शेजारचे एक घर मोकळे लागते.

नवखा खेळाडू इथेच चुकतो. फळी भक्कम दिसावी म्हणून तो गल्ल्या बुजवतो आणि मग दमलेल्यांना मागे घेता येत नाही. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीला, हॅनिबलविरुद्धच्याच लढाईत, रोमन तुकड्या अशाच दाटीवाटीने उभ्या होत्या. वेढा पडल्यावर मोठ्या संख्येचा काही उपयोग झाला नाही.

रोमन घोडदळ जिंकले की पाठलाग सक्तीचा: सोंगट्या पटाबाहेर. दर पाळीला फासा टाका, ६ पडला तरच ते हॅनिबलच्या पिछाडीला परततात. परतीची पाळी आधीच ठरवून ठेवलीत तर डाव मेला.

हॅनिबलची दुसरी फळी मोडली की रोमनांना मांडणी बदलायला एक पाळी द्या: हस्ताती मध्ये, प्रिंकिपेस आणि त्रिआरी दोन्ही बगलांना. समोर हॅनिबलबरोबर इटलीतून आलेले ताजेतवाने, मुरलेले सैनिक आहेत. आता गल्ल्या बुजवायच्या.