हॅलोविनच्या रात्रीसाठी भयपट कसा निवडावा

३१ ऑक्टोबरच्या रात्री कोणता भयपट लावावा, हे 'सर्वांत भीतिदायक दहा चित्रपट' छापाच्या यादीवरून ठरवू नये. त्या याद्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी असतात. कोकणात, विशेषतः वाडीच्या टोकाला असलेल्या कौलारू घरात, चित्रपट संपल्यावर कोणाला तरी बॅटरी घेऊन परसदारी जायचे असते, आणि निवडीचा विचार तेथूनच सुरू करावा लागतो.

जमणाऱ्यांत सर्वांत लहान कोण, हे पाहून चित्रपटाचे सेन्सॉर प्रमाणपत्र तपासावे. २०२४ पासून 'यूए'चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांचे, वयानुसार ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाल्याने हे काम सोपे झाले आहे.

खरी अडचण भीतीची जात ओळखण्यात आहे, आणि मला याच टप्प्याने सर्वाधिक छळले. दचका आणि धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दचका चहाच्या कपाबरोबर विरतो. धास्ती अंथरुणापर्यंत सोबत येते. ट्रेलरवरून यातले काहीच कळत नाही, कारण बहुतेक ट्रेलर दचके जोडूनच बनवलेले असतात. त्याऐवजी पहिली पंधरा मिनिटे स्वतः आधी पाहावीत. शांततेनंतर कानठळ्या बसवणारा आवाज वारंवार येत असेल, तर तो दचक्यांचा चित्रपट आहे, आणि दहा-बारा जण ओटीवर दाटीने बसणार असतील तर तोच लावावा. कॅमेरा मात्र रिकाम्या दारावर किंवा अंधाऱ्या जिन्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ थांबत असेल, तर तो चित्रपट मोजक्या मोठ्या माणसांसाठी राखून ठेवावा.

त्यानंतर चित्रपटातील जागा आपल्या घराशी किती जुळते, ते पाहावे. जॉन कारपेंटर यांच्या १९७८ च्या 'हॅलोविन'मध्ये धास्ती भरपूर आणि रक्त फारच थोडे आहे. शिवाय ती अमेरिकेतील उपनगराची कथा असल्याने परसदारी जाणाऱ्याची फारशी पंचाईत होत नाही. १९९८ चा जपानी 'रिंगू' मात्र दारात विहीर असलेल्या घरी मुलांसमोर मुळीच लावू नये. त्यातील मुलगी कोठून वर येते, हे पाहिल्यावर सकाळी पाणी शेंदायला कोणी पुढे होत नाही. 'तुंबाड' (२०१८) आपल्या मुलखातला म्हणून सगळे प्रथम तोच सुचवतात, परंतु पाऊस, वाडा आणि म्हातारी हे सारे इतके ओळखीचे आहे की तो प्रौढांनी मुले झोपल्यावरच पाहावा.

घरातील वडीलधाऱ्यांचेही मत घ्यावे. राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीला, दरवर्षी नारळ ठेवणाऱ्या घरात परदेशी भूत निर्धास्त चालते, पण मुंजाची थट्टा खपेलच असे नाही. त्यामुळे 'मुंज्या' (२०२४) विनोदी असला तरी आजीला न विचारता लावू नये.

चित्रपट दुपारीच डाउनलोड करावा, कारण ऐन रंगात आल्यावर नेट जाते.

दोन चित्रपट पाहायचे असतील तर धास्तीचा आधी आणि दचक्यांचा किंवा विनोदी नंतर, हाच क्रम ठेवावा. उलट क्रमाचा आग्रह धरणाऱ्याला त्या रात्री पडवीत एकटे झोपायला सांगावे, म्हणजे चर्चा लवकर मिटते.