फुकट ऑनलाइन स्टोरेज निवडताय? या चुका टाळा

मेगा 20 जीबी देतं, गूगल 15, बॉक्स 10, वनड्राइव्ह आणि आयक्लाउड 5-5, ड्रॉपबॉक्स फक्त 2. बहुतेक जण हे आकडे बघून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. या जागेत आणखी काय काय येऊन बसणार आहे आणि ती भरली की काय बंद पडतं, हे आधी बघा.

गूगलचे 15 जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज या तिघांत मिळून असतात. 1 जून 2021 पासून चढवलेले फोटो, अगदी कमी दर्जाने साठवलेलेसुद्धा, त्यात धरले जातात. ॲन्ड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता त्यातच. जागा संपली की जीमेलवर नवे मेल येत नाहीत, पाठवणाऱ्याकडे परत जातात. पिंपळगावच्या बागायतदाराने ऐन हंगामात घरच्या लग्नाचे व्हिडिओ चढवले, तर लॅबने पाठवलेला रेसिड्यू रिपोर्ट (मालात औषधाचा किती अंश उरलाय त्याचा अहवाल) त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. म्हणून धंद्याच्या मेलचं खातं आणि फोटोंचं खातं वेगळं ठेवा.

डिलीट करूनही जागा मोकळी होत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कारण साधं आहे: ट्रॅशमधल्या फाइलीही मोजल्या जातात. ड्राइव्ह आणि जीमेलचा ट्रॅश 30 दिवसांनी आपोआप रिकामा होतो, फोटोजचा 60 दिवसांनी. तिन्ही ट्रॅश वेगवेगळे आहेत, तिन्ही हाताने रिकामे करा. जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करा, आकार 10 एमबीपेक्षा मोठा असं टाका. जड अटॅचमेंटवाले मेल एका झटक्यात समोर येतात. जागा किती भरली ते दाखवणारा आकडा लगेच हलला नाही तर घाबरू नका, एक दिवस जाऊ द्या.

फोनची मेमरी भरली म्हणून गूगल फोटोज ॲपमधून फोटो उडवू नका. बॅकअप चालू असेल तर तो फोटो क्लाउडमधूनही, म्हणजे ऑनलाइन जागेतूनही जातो. त्याच ॲपमध्ये 'जागा मोकळी करा' असा पर्याय आहे. तो फक्त फोनमधली प्रत काढतो.

फाइल कोणाच्या मालकीची, हा मुद्दा तर कोणी तपासतच नाही. ड्राइव्हवर तुम्ही फोल्डर शेअर केलं आणि सीएच्या ऑफिसातल्या मुलाने त्यात जीएसटीची रिटर्न्स टाकली, तर फोल्डर तुमचं असलं तरी त्या फाइलींचा मालक तो मुलगा. त्याने खातं बंद केलं की फाइली गेल्या. उपाय: कॉम्प्युटरवर फाइलवर राइट क्लिक करून प्रत बनवा, प्रत तुमच्या नावावर येते, जागाही तुमची खाते. फोल्डरची अशी प्रत बनत नाही, आतल्या फाइली निवडाव्या लागतात.

ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यात उलटं आहे. शेअर केलेलं फोल्डर प्रत्येक सभासदाच्या जागेत मोजलं जातं. सातपूरच्या वर्कशॉपने 3 जीबीच्या ड्रॉइंग्जचं फोल्डर 2 जीबीवाल्या गिऱ्हाइकाला पाठवलं, तर त्याला ते आपल्या खात्यात जोडताच येत नाही. फक्त बघायची लिंक पाठवा. शिवाय फुकट खातं तीनच उपकरणांना जोडता येतं.

विंडोजवर वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डर्स बॅकअपला घेतं आणि 5 जीबी बघता बघता संपतात. टास्कबारवरच्या ढगाच्या चिन्हातून सेटिंग्जमध्ये जा, सिंक आणि बॅकअप उघडा, नको ती फोल्डर्स बंद करा. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये शोधा. तिथून उचलून परत जागेवर ठेवायच्या.

मेगा एन्क्रिप्शनमुळे (फाइली कुलूपबंद ठेवण्याच्या पद्धतीमुळे) चांगलं, पण रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं उघडायचा कोड, कागदावर उतरवलेली नसेल आणि पासवर्ड विसरलात, तर कंपनीही तुमच्या फाइली उघडून देऊ शकत नाही. बॉक्सवर 250 एमबीपेक्षा मोठी फाइल फुकट खात्यात चढत नाही, त्यामुळे लग्नाच्या व्हिडिओसाठी ते उपयोगाचं नाही.

अपलोड अडकलाय असं वाटलं तर आधी गणित करा. 10 एमबीपीएस (सेकंदाला 10 मेगाबिट, आणि 8 बिटांचा एक बाइट) अपलोड वेगाने 15 जीबी जायला तीन तास वीस मिनिटं लागतात, तीही लाइन एकदाही न तुटता. प्लॅनच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुतेकदा डाउनलोडचा वेग. अपलोडचा वेगळा विचारून घ्या. मोठं काम रात्री लावा आणि लॅपटॉपचं स्लीप बंद ठेवा.

गूगलचं खातं दोन वर्षं वापरलंच नाही तर ते आतल्या फाइलींसकट काढून टाकलं जाऊ शकतं. फक्त साठवणीसाठी उघडलेल्या खात्यात दोन-चार महिन्यांनी एकदा लॉगिन करून एखादी फाइल उघडा.

आधार, लायसन्स, मार्कशीट यांच्यासाठी सरकारचं डिजिलॉकर ॲप वापरा, तिथे 1 जीबी मिळतो. पण स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद आणि सरकारी खात्याने थेट दिलेला कागद यांत फरक आहे. मूळ कागदाइतकं कायदेशीर वजन फक्त दुसऱ्याला. 'इश्यूड' विभागात दिसतो तोच दाखवा.