पूर्वनियोजनाच्या वादात ग्रीक व्याकरण: या चुका टाळा

पूर्वनियोजनाचा, म्हणजे कोणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलं आहे का याचा, वाद निघाला की कॅल्विनवादी (देवाची निवड निर्णायक मानणारा) असो वा आर्मिनियसवादी (माणसाच्या प्रतिसादावर भर देणारा), नव्या कराराच्या मूळ ग्रीकचा दाखला देतोच. तो द्यावाही. पण व्याकरण जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घातलं, तर वचनावर अन्याय होतो.

इफिस 2:8 घ्या: कृपेने, विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालं आहे, आणि ‘हे तुमच्या हातून झाले असे नाही’, ती देवाची देणगी आहे. ‘हे’ म्हणजे विश्वास, असं पुष्कळ जण धरून चालतात. पण मूळचं ‘तूतो’ हे सर्वनाम नपुंसकलिंगी. विश्वास आणि कृपा हे दोन्ही शब्द ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘हे’ कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण होण्याच्या सगळ्या गोष्टीला लागू पडतं. खुद्द कॅल्विनने भाष्यात देणगी म्हणजे तारण असाच अर्थ घेतला. तरी विश्वास हे देवाचं दान नाहीच, असंही यावरून सिद्ध होत नाही.

सगळ्यात जास्त ओढाताण होते ती प्रेषितांची कृत्ये 13:48 ची. सार्वकालिक जीवनासाठी जे ‘तेताग्मेनोई’, म्हणजे ‘नेमलेले’, होते त्यांनी विश्वास ठेवला, असं तिथे आहे. क्रियापदाच्या या काळात (पूर्ण काळात) ग्रीकमध्ये कर्मणी आणि मध्यम, म्हणजे संस्कृतच्या आत्मनेपदासारख्या, प्रयोगाचं रूप एकच. म्हणून काही जण ‘ज्यांनी स्वतःला तयार केलं होतं’ असं वाचतात. रूपाला ते चालतं, पण तेवढ्याने सिद्ध होत नाही. याच पुस्तकात 22:10 मध्ये लेखक लूक हाच धातू वापरतो, तिथे पौलाला काम नेमून दिलेलं आहे. अर्थ उघड कर्मणी. स्तेफनाच्या घराण्याने स्वतःला सेवेला वाहून घेतलं हे लिहिताना (1 करिंथ 16:15) पौल ‘स्वतःला’ हा शब्द वेगळा घालतो. मला कर्मणी वाचनच भक्कम वाटतं. मात्र नेमणूक केव्हाची, हे ते रूप सांगत नाही, आणि 13:46 मध्ये विरोधक स्वतःच स्वतःला अपात्र ठरवतात, हेही सोडून चालणार नाही.

1 योहान 5:1 म्हणतं, जो विश्वास ठेवतो (वर्तमान) तो देवापासून जन्मलेला आहे (पूर्ण काळ); त्यावरून ‘आधी नवा जन्म, मग विश्वास’ असा क्रम काढतात. 2:29 मध्ये तीच रचना आहे आणि तिथे नीतीने वागणं जन्मानंतरच येतं, म्हणून युक्तिवादात दम आहे. पण 5:10 बघा: विश्वास न ठेवणाऱ्याने देवाला लबाड ठरवलं आहे. काळांची जोडी तीच, पण लबाड ठरवणं अविश्वासाच्या आधीचं नव्हे. नुसत्या काळांवरून क्रम ठरत नाही.

रोम 9:22-23 वाचताना घाई करू नका. दयेची पात्रं (भांडी, म्हणजे इथे माणसं) देवाने ‘आधीच तयार केली’, हे कर्तरी क्रियापद. नाशाची पात्रं ‘सिद्ध झालेली’, इथे कर्ताच दिलेला नाही. दोन्हींकडे एकच क्रियापद घालून वाक्यं सारखी करणारा पौलाने ठेवलेला फरक पुसतो.