वाळक्या काड्या उपटू नका : न्यू जर्सीच्या अंगणातली जास्वंद

कुंडीतली आपली नेहमीची जास्वंद इथल्या हिवाळ्यात बाहेर जगत नाही. रात्रीचा पारा ५० फॅरनहाइटखाली जायच्या आत तिला घरात घ्यावं लागतं. जमिनीत लावून निर्धास्त राहायचं असेल, तर हार्डी हिबिस्कस, म्हणजे थंडी सोसणारी जास्वंद, लावा. ही पूर्व अमेरिकेतल्या पाणथळ जागांची मूळ रहिवासी. थंडीत वरचं सगळं वाळतं, मुळं जिवंत राहतात.

दरवर्षी मे महिन्यात घोटाळा होतो. शेजारचे गुलाब पालवतात, हिच्या जागी मात्र नुसत्या काड्या. मेली समजून लोक खणून टाकतात! थांबा. हिला माती चांगली तापलेली लागते. कोंब मेअखेरीस, कधी जूनच्या सुरुवातीलाही दिसतात. मार्चमध्ये काड्या चार-पाच इंच ठेवून कापा, म्हणजे जागा लक्षात राहते आणि कुदळ चुकून गड्ड्यावर पडत नाही.

नवीन रोप मेच्या मध्यानंतर, कडाक्याच्या थंडीची भीती संपली की लावा. दिवसाला किमान सहा तास ऊन, दोन रोपांत तीन फूट अंतर. छपराच्या पन्हाळीचं पाणी जिथे साचतं आणि जिथे दुसरं काही तगत नाही, तीच जागा हिला द्या. पाण्याची आबाळ झाली की कळ्या गळतात, म्हणून बुंध्याशी दोन-तीन इंच आच्छादन हवंच.

फुलं नव्या फुटीवर येतात. फांद्या आठ-दहा इंच झाल्या की शेंडे खुडा. झाड पसरतं, कळ्या वाढतात, बहर थोडा पुढे सरकतो. हे गणपतीच्या हिशेबाने करा. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, अधिक ज्येष्ठामुळे २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. उशिराच्या वर्षी जूनच्या मध्यात काही फांद्या पुन्हा एकदा खुडा, सगळ्या नको.

जूनअखेरीस जॅपनीज बीटल येतात. हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो १९१६ साली, याच न्यू जर्सीत. सकाळी ते सुस्त असतात. साबणाच्या पाण्यात झटकून टाका. वासाचे सापळे अंगणात लावू नका, ते शेजारचेही भुंगेरे बोलावून आणतात. पानांची जाळी झाली आणि मागे हिरव्या अळ्या दिसल्या, तर ती बहुधा सॉफ्लाय, गांधीलमाशीच्या नात्यातली कीड. तिच्यावर बीटी हे जिवाणूंपासून केलेलं कीटकनाशक चालत नाही, ते पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांचं औषध. अळ्या वेचा, किंवा संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, पानांच्या मागच्या बाजूला कडुनिंबाचं तेल फवारा.

लाल फूल हवं असेल तर ‘लॉर्ड बाल्टिमोर’ किंवा ‘लूना रेड’ मागा. फूल आठ इंचांपर्यंत, कधी त्याहून मोठं. वीतभर मूर्तीला वाहिलं तर बाप्पाच झाकला जातो. ते एकच दिवस टिकतं, म्हणून आदल्या दिवशी तोडून ठेवू नका. पूजेच्या सकाळीच खुडा.