डोळ्यात औषध घालताना या चुका टाळा

नेत्ररुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम करताना ‘औषध नियमित घालता ना?’ हा प्रश्न विचारणे मी केव्हाच सोडून दिले आहे. त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. त्याऐवजी मी रुग्णाच्या हातात बाटली देते आणि म्हणते, ‘माझ्यासमोर एकदा घालून दाखवा.’ त्यानंतर जे दिसते, त्यावरून औषध घालणे आणि औषध डोळ्यात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे लक्षात येते.

काचबिंदूचे, म्हणजे बहुधा डोळ्यातील दाब वाढून नजर हळूहळू कमी होत जाणाऱ्या आजाराचे, एक वयस्कर रुग्ण आमच्याकडे येत असत. शिस्तीचा माणूस, औषधाच्या वेळा वहीत लिहून ठेवत आणि प्रत्येक वेळेपुढे बरोबरची खूण करत. तरीही डोळ्यातील दाब काही उतरेना. डॉक्टरांनी दुसरे औषध जोडले, काही महिन्यांनी शस्त्रक्रियेचा विषयही निघाला, आणि तोपर्यंत त्यांना थेंब घालताना आमच्यापैकी एकानेही पाहिले नव्हते, हे लिहिताना मला आजही संकोच वाटतो. शेवटी एकदा मी त्यांना म्हटले, ‘काका, आज इथेच घाला.’ त्यांनी मान जेमतेम मागे केली, बाटली जवळ येताच डोळा घट्ट मिटला, थेंब पापणीच्या केसांवर पडून गालावर ओघळला आणि त्यांनी समाधानाने रुमालाने गाल पुसला. ‘सिस्टर, झालं!’ ओलावा जाणवला की औषध आत गेले, असा त्यांचा हिशेब होता. पद्धत सुधारल्यावर पुढच्या तपासण्यांमध्ये दाब उतरला, शस्त्रक्रियेचा विषय मागे पडला आणि काही काळाने डॉक्टरांनी दुसरे औषधही बंद केले.

मी त्यांना जे शिकवले, तेच सर्वांना शिकवते. हात धुवावेत. शक्यतो आडवे व्हावे. उभ्याने, आरशात पाहत थेंब घालण्याचा हट्ट मला कधीच कळलेला नाही, कारण आरशात पाहायचे तर मान सरळ ठेवावी लागते आणि थेंब नेमका तिथेच चुकतो. एका बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढली की पापणी आणि डोळा यांच्यामध्ये लहानशी खाच तयार होते. थेंब तिथे पडायला हवा, बुबुळावर नव्हे. नजर वर, डोक्याच्या मागच्या दिशेला ठेवावी, म्हणजे बुबुळ वर सरकते आणि डोळा दचकून मिटत नाही. हात थरथरत असेल तर बाटली धरलेल्या हाताची कड कपाळावर टेकवावी. लहान मूल डोळा उघडतच नसेल तर त्याला उताणे निजवून, मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात थेंब सोडावा. मुलाने डोळा उघडला की तो आपोआप आत उतरतो.

बाटलीचे टोक डोळ्यापासून साधारण 1 ते 2 सेंटिमीटर वर असावे. नेम चुकू नये म्हणून टोक पापणीलाच टेकवणारे लोक मला सर्वांत धोकादायक वाटतात, कारण त्यांचा थेंब खरोखरच आत जातो आणि त्यामुळे आपले काही चुकते आहे, याची त्यांना शंकाही येत नाही. टेकवलेल्या टोकाला पापणीवरचे जंतू चिकटतात, दाबलेली बाटली सैल सोडताच ते आत ओढले जातात आणि पुढचा प्रत्येक थेंब त्या दूषित बाटलीतून पडतो. नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याच्या बाबतीत हा खेळ फार महागात पडू शकतो. टोक बुबुळाला लागले तर ओरखडाही उठतो.

माझा दुसरा राग घाईवर आहे. ‘दोन थेंब घातले तर लवकर गुण येईल’ असे मानणाऱ्यांना मी साधे गणित सांगते: बाटलीतून पडणारा एक थेंब सुमारे 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्याच्या त्या खाचेत जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतात, त्यातही काही जागा अश्रूंनी आधीच व्यापलेली असते. दुसरा थेंब पहिल्याला बाहेर ढकलतो, एवढेच. दोन वेगवेगळी औषधे एकामागोमाग घातली तरी हेच होते, म्हणून मध्ये किमान 5 मिनिटे जाऊ द्यावीत आणि मलम असल्यास ते सर्वांत शेवटी लावावे. एवढी 5 मिनिटे अनेकांना जड जातात; मी त्यांना घड्याळ लावूनच बसायला सांगते.

थेंब घातल्यावर डोळा घट्ट मिटू नये किंवा पापण्यांची उघडझाप करू नये. डोळा अलगद मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने 2 मिनिटे हलका दाबून धरावा. औषधाची कडू चव घशात उतरते ती याच कोपऱ्यातील अश्रुनलिकेतून, नाकाच्या वाटेने. आणि चव जिथे पोहोचते तिथून औषध रक्तातही मिसळते. काचबिंदूसाठी दिल्या जाणाऱ्या टिमोलॉलसारख्या औषधाने दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात, त्यामुळे दमा किंवा हृदयविकार असल्यास तो डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगायलाच हवा.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. ज्या बाटलीवर ‘हलवून वापरा’ असे लिहिलेले असते ती खरोखरच हलवावी, अन्यथा औषध तळाशी राहते. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स काढूनच थेंब घालावेत आणि त्यानंतर निदान 15 मिनिटे लेन्स लावू नये. कानाच्या थेंबांची आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाची बाटली डोळ्याच्या औषधाशेजारी कधीही ठेवू नये. गेल्या वेळचे उरलेले स्टिरॉइडचे थेंब डोळा लाल झाला म्हणून स्वतःच्या मनाने घालू नयेत, कारण त्यांनी लाली जाते पण डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि जंतुसंसर्ग बळावू शकतो. काचबिंदू बहुधा दुखत नाही, म्हणून त्रास नाही हे कारण सांगून औषध बंद करणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, त्यांचा दृष्टिक्षेत्राचा आलेख, म्हणजे नजरेचा किती भाग गेला ते दाखवणारा तपासणीचा कागद, पुढे ठेवते.

बाटली उघडल्याची तारीख मी तिच्यावरच पेनाने लिहायला लावते. वेष्टनावर वेगळी मुदत दिलेली नसेल तर 28 दिवसांनंतर उरलेले औषध टाकून द्यावे, अर्धी बाटली शिल्लक असली तरी. आणि थेंब आत पडला की नाही याची खात्री नसेल, तर आणखी एक घालायला हरकत नाही. मात्र गालावर ओघळलेला थेंब बोटाने गोळा करून डोळ्यात लावू नये. हेही मी पाहिलेले आहे.