गच्च वनस्पतींची टाकी: गप्पीच्या पैदाशीसाठी, कमी कटकटीची

गप्पी किंवा प्लॅटी या अंडी न घालता थेट पिल्लं देणाऱ्या छोट्या माशांच्या पैदाशीसाठी वेगळी जाळी-पेटी लागत नाही, लागतो तो पाला. मोठे मासे, अगदी आईसुद्धा, पिल्लं गिळतात. पण दाट पाल्यात शिरलेलं पिल्लू सहसा त्यांच्या हाती लागत नाही.

टाकी ४० ते ६० लिटरची घ्या. फार लहान टाकीतलं पाणी पटकन बिघडतं. तळाला बारीक खडी, कोपऱ्यात स्पंज फिल्टर. मोटरवाला फिल्टर पिल्लं ओढून घेतो, स्पंजवर मात्र ती निवांत टिपत बसतात. एअर पंप रात्रीही चालू ठेवा, कारण अंधारात वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात.

वनस्पती घालताना हात आखडता घेऊ नका. पहिल्याच दिवशी निम्मी टाकी भरली पाहिजे. हॉर्नवर्ट तरंगत सोडा, जावा मॉस तळाशी पसरा. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधा. त्यांचं आडवं खोड खडीत पुरलं की कुजतं. दिवा ६ ते ८ तास पुरे, नाहीतर शेवाळ माजतं.

आता थांबायचं, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. क्लोरीन काढलेल्या पाण्यात अधूनमधून चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. हे जिवाणू बसायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की एक नर आणि दोन-तीन माद्या सोडा. साधारण महिन्याभराने पिल्लं दिसतील. मादी शुक्राणू काही महिने साठवून ठेवते, त्यामुळे नर काढला तरी पिल्लं होतच राहतात.

खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकंच. पिल्लांसाठी तेच बोटांनी पूड करून. मॉसवरचे सूक्ष्मजीवही ती दिवसभर खातात. दर दोन आठवड्यांनी पाचवा हिस्सा पाणी बदला. आटलेल्या पाण्यावर नुसती भर घातली तर क्षार साचत जातात. पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून पाणी काढायच्या नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधा आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतला तर जिवाणू मरतात.

छाटलेला पाला लगेच फेकू नका. टाकीतलंच पाणी घेतलेल्या बादलीत तो हलवा आणि जरा थांबा. दोन काळे डोळे आणि मागे जेमतेम दिसणारं अंग, अशी पिल्लं हमखास निघतात. मासे फार झाले तर कोणा हौशी माणसाला द्या, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका.