नॅनोकणांवरील प्रथिनांचे आवरण कसे तपासावे

केळीच्या सालीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण तयार करणाऱ्या जळगाव-शिरपूरकडील विद्यार्थ्याने कणांचा आकार केवळ पाण्यात मोजून थांबू नये. रक्तात शिरताच अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, इम्युनोग्लोब्युलिन आदी प्रथिने कणाला वेढतात आणि यकृतातील भक्षक पेशींची गाठ पडते ती या वेढलेल्या कणाशी.

नैतिकता समितीच्या परवानगीने मानवी प्लाझ्मा (रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव) मिळवावा. सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) फायब्रिनोजेन जवळजवळ नसते, म्हणून ते पर्याय ठरत नाही. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरावे, कारण तीव्र ऋणभारित हेपॅरिन स्वतःच कणांना चिकटू शकते. रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग प्लाझ्माचा असतो, त्यामुळे पेशीसंवर्धनातील १० टक्के सीरमवर काढलेला निष्कर्ष रक्ताला जसाच्या तसा लावणे मला धाडसाचे वाटते.

कण व प्लाझ्मा यांचे मिश्रण ३७ अंश सेल्सिअसवर इन्क्युबेटरमध्येच ठेवावे. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे ‘खोलीचे तापमान’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. विपुल असलेली प्रथिने आधी चिकटतात आणि अधिक घट्ट बसणारी नंतर त्यांची जागा घेतात, हे संशोधक लिओ व्ह्रोमन यांनी १९६० च्या दशकात दाखवले होते. म्हणून ५ मिनिटांनी आणि १ तासाने असे दोन नमुने घ्यावेत. त्यानंतर ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून कण तळाशी बसवून) फॉस्फेट बफर या क्षारद्रावणाने तीनदा धुवावे. या धुण्यात सैल बाह्य थर निघून जातो, हे अहवालात नमूद करावे.

खरी कसोटी नियंत्रण नळ्यांची आहे. एका नळीत कणांविना प्लाझ्मा ठेवावा, कारण प्रथिनांचे गोळेही तळाशी बसतात. दुसरीत प्लाझ्माविना कण बफरमध्ये ठेवावेत, कारण क्षारांमुळे चांदीचे कण एकमेकांना चिकटतात आणि ती आकारवाढ प्रथिनांची समजली जाते. त्यानंतर आकार व झीटा विभव (कणाच्या पृष्ठभागावरील विद्युतभाराचे माप) मोजून प्रथिने जेलवर वेगळी करून, शक्य असल्यास मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून) ओळखावीत.

इम्युनोग्लोब्युलिन व सी३ (भक्षक पेशींना परक्या कणाची खूण पटवणारी प्रतिकारशक्तीची प्रथिने) अधिक आढळल्यास कण यकृत-प्लीहेत लवकर अडकण्याची शक्यता वाढते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा लेप हे चिकटणे कमी करतो, पूर्णपणे थांबवत नाही. चिकटणे नेहमी घातकच असते असेही नाही: अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या औषधाचे मेदकण अपोलिपोप्रोटीन-ई हे रक्तातील मेदवाहक प्रथिन चिकटल्यामुळेच यकृतपेशींत शिरतात.

नंदुरबारकडील सिकलसेल रुग्णांसाठी औषधवाहक कण घडवायचे असतील, तर त्याच रुग्णांच्या प्लाझ्मावर चाचणी घ्यावी, कारण त्यात मुक्त हिमोग्लोबिन अधिक व त्याला बांधून ठेवणारे हॅप्टोग्लोबिन कमी असते.